तार किती जाड, सूर किती वर

साध्या अकूस्टिक गिटारीत तारांचं कंपन लाकडी पाटीला हलवतं आणि पाटी हवेला. रेझोनेटर गिटारीत पाटीचं हे काम अ‍ॅल्युमिनियमचा एक पातळ शंकू करतो. घोडीचा भार त्या शंकूवर असतो. तारा घोडीवरून खाली वळून मागे अडकवलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा ताण शंकूला सतत खाली दाबत राहतो. हा दाब कमी पडला की शंकू आपल्या कडेवर नीट बसत नाही आणि वाजवताना झणझणतो. फार झाला की आवाज आखडतो, आणि अति झाला तर शंकू चेपतो. चेपलेला शंकू पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, बदलावाच लागतो.

म्हणून या वाद्याबाबत ‘ट्यूनिंग कोणतं ठेवू?’ आणि ‘तारा कोणत्या गेजच्या घेऊ?’ असे दोन वेगळे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दोन्हींचं उत्तर एकत्रच शोधावं लागतं. तारेची जाडी आणि तिचा सूर मिळून ताण ठरतो आणि ताणावर शंकू, दांडी आणि तुमचा हात या तिघांचं सुख अवलंबून असतं. दुकानातून ‘रेझोनेटर’ लिहिलेला कोणताही सेट उचलायचा आणि मग हवं ते ट्यूनिंग लावायचं, ही चाल मला पटत नाही. आधी संगीत ठरवावं, मग गिटारीचा प्रकार नीट ओळखावा, आणि तारांचं पाकीट सर्वांत शेवटी फोडावं.

गिटार कोणती आहे?

हे वाद्य जन्मलं ते मोठ्या आवाजाच्या गरजेतून. १९२० च्या दशकात अमेरिकेत हवाईयन संगीताची लाट होती. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात पोलादी दांडा, आणि समोर ब्रास वाद्यांचा गलबला. विजेवर चालणारी गिटार यायला अजून अवकाश होता. जॉर्ज बीचम या वादकाला सर्वांच्या वर ऐकू जाणारी गिटार हवी होती. ती बनवून दिली स्लोव्हाक वंशाचे कारागीर जॉन डोपेरा यांनी, १९२७ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये, ‘नॅशनल’ या नावाखाली. त्या पहिल्या गिटारीत सहा-सहा इंचांचे तीन शंकू होते. त्यांना जोडणारी इंग्रजी ‘टी’च्या आकाराची पट्टी आणि तिच्यावर घोडी. हिला ‘ट्रायकोन’ म्हणतात. तिचा नाद गोड, लांबणारा आहे आणि हवाईयन वादकांनी ती लगेच आपली केली.

नंतर नॅशनलनेच साडेनऊ इंचांचा एकच शंकू वापरून स्वस्त गिटारी काढल्या. त्यात शंकूचं टोक वर असतं आणि त्यावर लाकडाची एक छोटी चकती, ‘बिस्किट’, बसवलेली असते. हिचा आवाज तडक फुटतो आणि लवकर विझतो. ब्लूजवाल्यांना नेमकं हेच हवं होतं. डोपेरा बंधू नॅशनलमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘डोब्रो’ काढली. तिच्यात साडेदहा इंचांचा शंकू वाडग्यासारखा उताणा असतो आणि त्याच्या कडेवर आठ पायांचा ‘स्पायडर’ टेकतो. आवाज नाकातला पण मऊ, आणि टिकणारा. ब्लूग्रासची गिटार ती हीच.

दुसरी गोष्ट दांडीची. गोल दांडीची गिटार नेहमीसारखी धरून वाजवतात, बोटात स्लाइड घालून किंवा पडदे दाबून. चौकोनी दांडीची गिटार मांडीवरच वाजते. तिच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच असतात की त्या दाबताच येत नाहीत. चौकोनी दांडी जाडजूड असते आणि बराच ताण सोसते. गोल दांडी सोसत नाही. जुन्या नॅशनल आणि डोब्रो गिटारींच्या दांडीत तर वाक काढायला फिरवता येणारी सळईही नसते, तेव्हा एकदा दांडी वाकली की काम थेट कारागिराकडे.

सरगमच्या भाषेत तीन ट्यूनिंग

गिटारवाले ट्यूनिंग इंग्रजी अक्षरांत सांगतात. आपल्याला सरगम जवळची, आणि या ट्यूनिंगांना ती अगदी चपखल बसते, कारण ती सगळी मुळात षड्ज, गंधार आणि पंचम एवढ्या तीनच स्वरांची मांडणी आहे. मोकळ्या तारा छेडल्या की पूर्ण मेळ वाजतो. पाचव्या पडद्यावर स्लाइड आडवी ठेवली की मध्यमाचा मेळ, सातव्यावर पंचमाचा, बाराव्यावर पुन्हा षड्ज. पाश्चात्त्य लोकसंगीतातली कितीतरी गाणी एवढ्यावर उभी राहतात.

ओपन डी म्हणजे पांढरी दोनचा षड्ज. जाड तारेकडून बारीक तारेकडे सा प सा ग प सा. ओपन जी म्हणजे पांढरी पाचचा षड्ज: प सा प सा ग प. आणि डोब्रोवाल्यांचं वरचं जी: सा ग प सा ग प. ओपन डी दोन पडदे वर नेलं की ओपन ई, आणि ओपन जी दोन पडदे वर नेलं की ओपन ए. मांडणी तीच, पट्टी वेगळी.

पहिली दोन ट्यूनिंग रेझोनेटरच्या कितीतरी आधीची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या घरांच्या दिवाणखान्यांत हौशी मंडळी लहान गिटारींवर छापील रचना वाजवत. हेन्री वॉरल यांची ‘स्पॅनिश फँडँगो’ ओपन जीमध्ये होती आणि ‘सेबास्टोपोल’ ओपन डीमध्ये. या रचना दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांपर्यंत पोहोचल्या आणि तिथे ट्यूनिंगांना नावंच पडली: ‘स्पॅनिश’ आणि ‘व्हेस्टापोल’. ब्लूजच्या जुन्या वादकांच्या मुलाखतींत हीच नावं भेटतात.

दोन्हींचा स्वभाव मात्र निराळा. ओपन डीमध्ये पहिली आणि सहावी, दोन्ही टोकांच्या तारा षड्जाच्या. अंगठा खाली खर्ज धरून ठेवतो आणि वरच्या तारेवर गाणं षड्जावर येऊन विसावतं. एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यासाठी याहून भरलेलं ट्यूनिंग मला माहीत नाही. ओपन जीमध्ये पहिली तार पंचमाची, त्यामुळे गाण्याची चाल षड्जाच्या दोन्ही बाजूंना मोकळी फिरते. खाली मात्र सहावी तारही पंचमाची, म्हणून अंगठ्याला आपला षड्ज पाचव्या तारेवर शोधावा लागतो. सन हाउस यांचा तुटक, जोरकस ब्लूज ऐकलात की ओपन जीचा हा स्वभाव कळतो. डायर स्ट्रेट्सच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची सुरुवातही मार्क नॉफ्लर यांनी ओपन जीमध्ये रेझोनेटरवर वाजवली आहे. १९८५ च्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’च्या मुखपृष्ठावर आकाशात तरंगणारी चकचकीत गिटार त्यांचीच, १९३७ ची नॅशनल.

स्किप जेम्स यांनी ओपन डीचा गंधार कोमल करून घेतला होता: सा प सा ग॒ प सा. तिसरी तार पहिल्या पडद्यावर दाबली की शुद्ध गंधार हजर, सोडली की कोमल. ब्लूजचा गंधार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहतो. त्यामुळे या ट्यूनिंगची योजना मला फार शहाणपणाची वाटते.

वरचं जी हे ब्लूग्रासचं ट्यूनिंग. खालच्या तीन तारा म्हणजे वरच्या तीन तारांचीच खालच्या सप्तकातली प्रत, त्यामुळे एक तुकडा बसवला की तो दोन सप्तकांत मिळतो. वरच्या चार तारा पाच तारांच्या बॅन्जोशीही जुळतात. जॉश ग्रेव्हज १९५५ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या चमूत आले. अर्ल स्क्रग्ज यांची तीन बोटांची बॅन्जोची धावती पद्धत त्यांनी डोब्रोवर आणली आणि आजची डोब्रो त्यांच्याच वाटेने चालली आहे. तोटा इतकाच की खर्जात सा आणि ग जवळजवळ आल्यामुळे सगळ्या तारा एकदम छेडल्या तर आवाज गढूळ होतो. हे ट्यूनिंग निवडून वाजवणाऱ्याचं आहे. झोडणाऱ्याचं नाही.

उघड्या मेळाचं ट्यूनिंग हवंच असंही नाही. ब्लाइंड बॉय फुलर यांनी नॅशनलवर बहुतेक गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच, पडदे दाबून वाजवली.

ताणाचा हिशेब

तारांचं गेज इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ‘तेराचा सेट’ म्हणजे पहिली तार ०.०१३ इंचाची. नेहमीचा मीडियम सेट १३, १७, २६, ३५, ४५, ५६ असा असतो आणि लाइट सेट १२, १६, २४, ३२, ४२, ५३ असा. हे सेट बनवणाऱ्याने नेहमीचं ट्यूनिंग गृहीत धरलेलं असतं. आपण सूर बदलला की त्याचा हिशेब मोडतो आणि तो आपल्यालाच पुन्हा मांडावा लागतो.

नियम दोनच लक्षात ठेवले तरी पुरतं. तारेचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाने वाढतो आणि जाडीच्याही वर्गाने वाढतो. म्हणजे तीच तार दोन पडदे खाली उतरवली तर ताण साधारण २१ टक्के घटतो. दोन पडदे वर चढवली तर २६ टक्के वाढतो, तीन पडदे वर गेली तर ४१ टक्के आणि पाच पडदे वर गेली तर ७८ टक्के. उलट, सूर खाली उतरवूनही ताण पूर्वीइतकाच ठेवायचा असेल तर दर पडद्यामागे तार साधारण सहा टक्के जाड घ्यावी लागते.

आता ओपन डी घ्या. नेहमीच्या ट्यूनिंगमधून इथे येताना सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन पडदे उतरते, तिसरी एक. एकही तार वर जात नाही. गिटारीला धोका काही नाही, पण तारा ढिल्या पडतात. २५ इंच लांबीच्या गिटारीवर बाराची पहिली तार डीमध्ये लावली तर तिचा ताण १८ पौंडांच्या आसपास येतो. तेराची लावली तर २१. सोळाची लावली तर तोच सूर जवळपास ३२ पौंडांवर येतो. हा फरक स्लाइडखाली लगेच जाणवतो. बाराची तार स्लाइडच्या वजनाने दबून पडद्यावर आपटते आणि खडखडते. सोळाची तार स्लाइड पेलते, सूर सरळ उभा राहतो आणि शंकूला पुरेसा दाब मिळतो. म्हणून स्लाइड वाजवणारे सगळा सेट जाड घेण्याऐवजी पहिल्या दोन तारा तेवढ्या जाड करतात: १३ आणि १७ च्या जागी १६ आणि १८, बाकी मीडियम तसाच. गोल दांडीच्या बिस्किटवाल्या गिटारीवर ओपन डी किंवा ओपन जीसाठी माझी पहिली पसंती हीच. जो पडदेही खूप दाबतो, त्याने पहिली तार १४ किंवा १५ ची घ्यावी. सोळाची तार दाबून दाबून बोटं सोलतात, आणि बोटं दुखली की रियाज बुडतो.

वरच्या जीचा हिशेब उलटा आहे. इथे पहिली तार दोन पडदे उतरते, पण पाचवी दोन पडदे चढते आणि सहावी तीन. मीडियम सेटची ५६ ची सहावी तशीच वर ओढली तर तिचा ताण ४१ टक्के वाढणार. पूर्वीइतकाच ताण ठेवायचा तर ५६ च्या जागी ४७ आणि ४५ च्या जागी ४० ची तार हवी. मग डोब्रोच्या तयार सेटमध्ये सहावी ५६ ची का असते? कारण तो सेट चौकोनी दांडीसाठी असतो. तिथे दांडी ताण सोसते, तारा दाबायच्याच नसतात आणि जड पोलादी बारखाली खर्जाची तार ताठ राहिलेली हवी असते. तोच सेट गोल दांडीवर चढवून वरचं जी लावणं म्हणजे दांडीवर अन्याय. गोल दांडीच्या गिटारीवर नट उंच करणारी धातूची पट्टी बसवून ती मांडीवर वाजवता येते, पण पट्टीने तारा फक्त उंच होतात, दांडी मजबूत होत नाही. अशा गिटारीवर वरचं जी लावायचंच असेल तर खालच्या दोन तारा बारीक घ्या.

ओपन ई आणि ओपन ए मी गोल दांडीवर लावत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. ओपन एमध्ये दुसरी, तिसरी आणि चौथी अशा तीन तारा दोन-दोन पडदे वर चढतात. त्यांतली तिसरी तार सर्वांत आधी तुटते, कारण तिच्यावर वेढे असतात आणि ताण पेलणारी आतली पोलादी तार मात्र अगदी बारीक असते. ओपन डी लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो चढवला की ओपन ई मिळतं, ओपन जीवर चढवला की ओपन ए. मग गिटारीला का छळायचं?

वेढ्याच्या धातूबद्दल थोडक्यात. फॉस्फर ब्राँझ झळझळीत वाजतो, निकेल जरा बसका आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या जवळचा. पितळी किंवा पोलादी अंगाच्या गिटारीत झळाळी आधीच भरपूर असते, तिच्यावर मला निकेल बरा वाटतो. कानाला पटेल ते घ्या.

तारा चढवताना

नव्या गेजच्या तारा चढवताना सगळ्या जुन्या तारा एकदम काढू नका. ताण गेला की शंकू सैल होतो, बिस्किट किंचित फिरतं, आणि पुन्हा ताण दिल्यावर शंकू पूर्वीच्या जागी बसेलच असं नाही. एक तार काढा, तिच्या जागी नवी चढवा, अर्ध्या सुरापर्यंत आणा, मग पुढची. गेज बदललं असेल तर घोडीवरची खाच आणि नटवरची खाच बघा. जाड तार अरुंद खाचेत वर बसून राहते आणि वाजवताना गुणगुणते. बारीक तार रुंद खाचेत हलते. खाच बारीक कानशीने हलक्या हाताने रुंद करता येते. रुंद झालेली अरुंद करता येत नाही.

सगळ्या तारा सुरात आल्या की गिटार एक दिवस तशीच ठेवावी. शंकू हळूहळू बसतो, तारा ताणतात, सूर उतरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी आणि मगच आवाजाचा निवाडा करावा. झणझण ऐकू आली तर आधी वरच्या जाळीदार झाकणाचे स्क्रू तपासा, कारण कितीदा तरी दोष तिथेच निघतो. स्पायडरवाल्या गिटारीत मधोमध एक स्क्रू असतो, तो स्पायडर आणि शंकू यांना जोडतो. तो नुसता टेकेल इतकाच फिरवायचा. आवाज वाढावा म्हणून आवळला तर शंकू वर ओढला जाऊन वाकतो.

आता सूर लावण्याबद्दल, आणि इथे तंबोऱ्याशी ओळख असलेल्या माणसाला खरा फायदा आहे. ट्यूनरचा हिरवा दिवा गंधार जिथे दाखवतो, तिथे तो खऱ्या मेळापेक्षा थोडा चढाच असतो. एका पडद्याचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग. पियानो आणि पडद्यांच्या वाद्यांना सगळ्या पट्ट्या सांभाळायच्या असतात, म्हणून तो तसा ठेवलेला असतो. स्लाइडखाली पडद्यांची सक्ती नाही. षड्ज-पंचम पक्के करा, मग गंधाराची तार कानाने किंचित उतरवत आणा. एका जागी घरघर थांबते आणि सहाही तारा एकजीव होतात. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. ज्याने तो एकदा ऐकला आहे त्याला ट्यूनरची गरज फक्त षड्जापुरती. मात्र पडदे दाबूनही वाजवणार असाल तर इतका उतरवू नका, थोडं मध्ये थांबा.

रागासाठी

मांडीवरची गिटार आपल्याकडे परकी नाही. हवाईयन संगीत घेऊन जगभर फिरलेले ताउ मो १९४० च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात होते आणि त्यांच्या हातात नॅशनल ट्रायकोन होती. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी स्लाइड गिटारीला रागसंगीतात बसवलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांचं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ १९६७ मध्ये आलं. काब्रांची गिटार रेझोनेटर नव्हती, पण त्यांनी उघडलेल्या वाटेवर रेझोनेटर वाजवणाराही चालू शकतो.

अडचण येते ती गंधाराची. ओपन डी किंवा ओपन जीमध्ये शुद्ध गंधार सतत मोकळा झंकारतो. भूपात तो शोभतो. पण कोमल गंधाराच्या रागात तोच गंधार सगळं नासवतो, आणि मालकंसात तर पंचमही नको असतो. यावर मला सुचणारा उपाय म्हणजे ओपन डीमधली गंधाराची तारच काढून टाकणं: सा प सा सा प सा. तिसऱ्या तारेला चौथीचाच सूर द्यायचा, आणि सूर तोच तर गेजही तेच. तिथे २६ च्या जागी चौथ्या तारेची ३५ ची तार चढवा, नटची खाच तेवढी बघून घ्या. २६ चीच तार पाच पडदे उतरवलीत तर ती लोंबकळेल आणि स्लाइडखाली एक सूर धड येणार नाही. मालकंसासाठी तंबोऱ्यासारखाच पंचम मध्यमावर उतरवा. पाचवी आणि दुसरी तार दोन-दोन पडदे खाली जाईल आणि बसल्या तारांवर तेवढं चालून जातं.

तारा सुट्ट्या मिळत असतील तर सेटच्या जोडीला १६, १८ आणि ३५ अशी एकेक तार जास्तीची आणून ठेवा. ट्यूनिंगही निदान काही महिने एकच ठेवा. शंकू त्याला बसतो, दांडी स्थिरावते, कान तयार होतो, आणि तार आणखी जाड हवी की बारीक हे मग तुमचं तुम्हालाच सांगता येतं.